सॉफ्टवेअर म्हणतं १४,६०० युनिट, मीटर म्हणतं ५,३०० : पवनचक्कीच्या मॉडेलमध्ये चुकतं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात शाळेमागच्या वावराच्या कडेला १० किलोवॉटची लहान पवनचक्की आहे. रोटरचा (फिरणाऱ्या पात्यांच्या चक्राचा) व्यास ७ मीटर, टॉवर १८ मीटर. होमर या ऊर्जेचा आराखडा करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल केलं तर वर्षाला १४,६०० युनिट दिसतात, मीटरवर मात्र ५,३०० आले. विचारणाऱ्यांनी कार्यक्षमता खाली ओढून आकडे जुळवून पाहिले, सिम्युलिंक या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्येही तसंच केलं. आता त्यांना पॉवर कर्व्ह, म्हणजे वाऱ्याच्या कुठल्या वेगाला चक्की किती शक्ती देते तो आलेख, कसा दुरुस्त करायचा ते हवंय, कारण दुसरी चक्की घ्यायची की नाही हे याच मॉडेलवर ठरणार आहे.

पॉवर कर्व्हला आत्ता हात लावू नका. तुम्ही दिलेला कर्व्ह (४ मी/से ला ०.४ किलोवॉट, ५ ला ०.९, ६ ला १.६, ८ ला ३.९, १० ला ७.५, ११ ला पूर्ण १०) मी तपासला आणि तो ठीकठाक आहे. गडबड त्या कर्व्हला तुम्ही जो वारा खाऊ घातलाय त्यात आहे. आणि तुमच्या मांडणीत तीन वेगवेगळ्या चुका एकाच दिशेने साचल्यात, म्हणून फरक एवढा मोठा दिसतो.

कर्व्ह कसा तपासला ते आधी सांगतो, कारण दुसऱ्या चक्कीचं माहितीपत्रक हातात आलं की तुम्हालाही हेच करायचंय. वाऱ्यातली शक्ती म्हणजे अर्धा गुणिले हवेची घनता गुणिले रोटरचं क्षेत्रफळ गुणिले वेगाचा घन. ७ मीटर व्यासाचं क्षेत्रफळ ३८.५ चौरस मीटर. ६ मी/से ला, १.२२५ घनता धरली तर, वाऱ्यात ५.०९ किलोवॉट असतात. तुमची चक्की त्यातले १.६ देते, म्हणजे ३१ टक्के. लहान मशीनसाठी हा आकडा पटण्यासारखा आहे. प्रत्येक वेगाला हाच भागाकार करा. कुठल्याही वेगाला ५९.३ टक्क्यांच्या वर गेलात तर तो कर्व्ह खोटा, कारण वाऱ्यातून काढता येणाऱ्या शक्तीची ती बेट्झची मर्यादा आहे आणि ती ओलांडता येत नाही. लहान चक्कीत ४५ टक्क्यांच्या वरचा आकडा दिसला तरी मी विक्रेत्याला मोजणीचा अहवाल मागतो. ६ मी/से ला ३.२ किलोवॉट असं छापलेलं पत्रक समोर आलं तर ते तिथेच मिटवून ठेवायचं, ते ६३ टक्के होतात.

आता वाऱ्याकडे. तुम्ही उपग्रह-आधारित संकेतस्थळावरून ५.० मी/से ही वार्षिक सरासरी घेतली आणि होमरमध्ये मोजणीच्या उंचीच्या रकान्यात १८ टाकलंत, कारण टॉवर १८ मीटरचा आहे. पण तो ५.० चा आकडा ५० मीटर उंचीवरचा आहे. सॉफ्टवेअरला वाटलं, वारा हबपाशीच (रोटरच्या मध्याच्या उंचीवर) मोजलाय. त्याने उंचीचा हिशेब केलाच नाही.

५० वरून १८ मीटरवर उतरायचं तर घातांकाचा नियम लागतो : वेगांचं गुणोत्तर म्हणजे उंचीचं गुणोत्तर घात अल्फा. उंचीसोबत वारा किती झपाट्याने वाढतो ते हा अल्फा सांगतो. अल्फा ०.१४ धरला तर १८ मीटरवर ४.३३ मी/से येतात. अल्फा ०.२२ धरला तर ३.९९, म्हणजे ४ च धरा. तुमच्याच कर्व्हवर आणि तुमच्याच वाइबुल वितरणावर (वर्षात कुठल्या वेगाचे किती तास ते सांगणारी मांडणी; तिचा आकार ठरवणारा आकडा के = २) वर्षाची युनिटं अशी पडतात : ५.० ला १४,६००, ४.३३ ला ९,७००, ४.० ला ७,६००. वेग पाचवरून चारवर आला, २० टक्के कमी झाला, आणि वीज जवळजवळ निम्मी झाली. घनाचा नियम तो हाच. म्हणून वेगातली दशांशाची चूकसुद्धा मी सोडत नाही, आणि कार्यक्षमतेच्या दोन टक्क्यांवर मात्र फार वेळ घालवत नाही.

मग अल्फा किती धरायचा? इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. ०.१४ हा पुस्तकी आकडा सपाट, मोकळ्या जमिनीचा आहे. होमरमध्ये तोच आधीपासून भरलेला असतो आणि बहुतेक जण तो तसाच ठेवतात. मे महिन्यात वखरून पडलेल्या काळ्या रानाला तो कदाचित लागूही पडेल. पण सप्टेंबरनंतर त्याच वावरात पऱ्हाटी कमरेपर्यंत आणि तूर डोक्यावर गेलेली असते. धुऱ्यावर कडुनिंब, बाभळी असतात, पांदणीच्या दोन्ही बाजूंना झुडपं असतात. अशा ठिकाणी ०.२० ते ०.२५ जास्त खरं वाटतं. शिवाय दिवस-रात्रीचा फरक वेगळाच. उन्हात जमीन तापते, हवा वरखाली घुसळली जाते, त्यामुळे दुपारी वरचा आणि खालचा वेग जवळजवळ येतो. थंडीच्या निरभ्र रात्री खालची हवा गार होऊन जड बसते. १० मीटरवर पान हलत नाही, पण ८० मीटरवर बरा वारा असतो. तेव्हा अल्फा ०.३ च्याही वर जाऊ शकतो. तुमच्या १८ मीटरच्या टॉवरला त्या रात्रीच्या वाऱ्यातलं फारसं काही मिळत नाही, मोठ्या चक्क्यांना मिळतं.

अंदाज करत बसण्यापेक्षा मोजून घ्या. एक वेगमापक १० मीटरवर, दुसरा १८ वर लावा. समजा सरासरी ३.६ आणि ४.१ आली, तर अल्फा = लॉग (४.१ ÷ ३.६) ÷ लॉग (१८ ÷ १०) = ०.२२. हिशेबात ३ मी/से च्या वरच्याच नोंदी घ्या, त्याखालचं गुणोत्तर वेडंवाकडं येतं. आणि दोन मापकांत उंचीचं अंतर पुरेसं असू द्या. याच उदाहरणात वरचा मापक फक्त ०.१ ने जास्त, म्हणजे ४.२ दाखवू लागला, तर अल्फा ०.२६ येतो. वरचा मापक रोटरमागच्या मंदावलेल्या वाऱ्यात येता कामा नये. शक्यतो वेगळ्या खांबावर, चक्कीपासून रोटरच्या व्यासाच्या २ ते ४ पट अंतरावर लावा. तुमच्यासाठी ते १४ ते २८ मीटर झालं.

झाडांचा मुद्दा अल्फात पूर्ण मावत नाही. तुम्ही लिहिलंय की पश्चिमेच्या धुऱ्यावर १०-१२ मीटरचे कडुनिंब आहेत. १८ मीटरच्या हबला साडेतीन मीटरची पाती, म्हणजे पात्याचं टोक खाली १४.५ मीटरपर्यंत येतं. झाडाच्या शेंड्यापासून जेमतेम अडीच ते साडेचार मीटर. लहान चक्कीसाठी साधा दंडक असा की १५० मीटरच्या टप्प्यात जे काही उभं असेल त्यापेक्षा पात्याचं खालचं टोक निदान ९ मीटर वर असावं. आपल्याकडे जोराचा वारा मे अखेरपासून ऑगस्टपर्यंत येतो आणि तो पश्चिम-नैर्ऋत्येकडून. तुमची झाडं नेमकी त्याच्या वाटेवर आहेत. हेच कडुनिंब पूर्वेला असते तर मी त्यांचा उल्लेखही केला नसता. बहुतेक सॉफ्टवेअरला ही झाडं दिसत नाहीत, ती तुम्हाला नुकसानीच्या रकान्यात हाताने टाकावी लागतात.

दुसरी चूक घनतेची. तुम्ही समुद्रसपाटीपासूनची उंची शून्य ठेवली आहे. यवतमाळचं पठार साधारण ४५० मीटरवर आहे. ती उंची भरली की सॉफ्टवेअर घनता ४ टक्क्यांनी कमी करेल, पण तेवढ्याने भागत नाही, कारण त्या हिशेबात हवा प्रमाणित वातावरणाची, म्हणजे समुद्रसपाटीला १५ अंशांची धरलेली असते. आपल्याकडे १५ अंश डिसेंबरच्या पहाटेला. घनता म्हणजे हवेचा दाब भागिले (२८७ गुणिले केल्विनमधलं तापमान). इथला दाब ९५० ते ९६५ हेक्टोपास्कल धरला तर मेच्या ४२ अंशांना १.०६, पावसाळ्यात ओलाव्यासह १.०९ आणि हिवाळ्यात १.१४ च्या आसपास येते. वर्षभराची साधी सरासरी काढली तर १.१० येईल, पण तीही वापरू नका. वीज ज्या महिन्यांत जास्त होते त्या महिन्यांची घनता जास्त मोजायला हवी, आणि ते महिने गरम आहेत. मी इथे १.०८ धरेन, म्हणजे ०.८८ पट. होमरमध्ये तापमानाची मालिका जोडून तापमानाचा परिणाम धरण्याचा पर्याय असेल तर तो चालू करा. तसं केलं तर हा गुणक वेगळा लावू नका, नाहीतर तीच कपात दोनदा होईल.

इथे एक फरक ध्यानात ठेवा. तुमची चक्की जोराच्या वाऱ्यात शेपटी दुमडून बाजूला वळणारी आहे. पाती फिरवून शक्ती सांभाळणारी नाही. अशा मशीनला सगळा कर्व्ह ०.८८ ने गुणला तरी चालतो. पात्यांचा कोन बदलणाऱ्या मोठ्या मशीनला तसं करणं चूक आहे. ती थोड्या जास्त वेगाला का होईना, आपली पूर्ण शक्ती गाठतेच. तिथे शक्तीऐवजी वेग दुरुस्त करतात, घनतेच्या गुणोत्तराच्या घनमुळाने. ०.८८ चं घनमूळ ०.९६, म्हणजे इथला ८ मी/से चा वारा तिला ७.७ चा वाटतो. चक्कीची शक्ती मोजण्याच्या आयईसी ६१४००-१२-१ या आंतरराष्ट्रीय मानकात दोन्ही पद्धती अशाच वेगळ्या दिल्या आहेत. मोठ्या मशीनसाठी आणखी एक : प्रमाणित मशीन साधारणपणे ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेलं असतं. आपल्या मेच्या दुपारी ४५ ओलांडतात, तेव्हा ते स्वतःहून शक्ती कमी करू शकतं. निर्मात्याकडून तापमानानुसार कपातीचा तक्ता मागून घ्या.

७,६०० ला ०.८८ ने गुणा : ६,७००. मीटरपर्यंत पोचायला अजून एक टप्पा उरला, नुकसानीचा. तुम्ही तो रकाना शून्य ठेवलाय. मी असे आकडे धरेन : चक्की आणि वीजपुरवठा उपलब्ध असण्याचे ९५ टक्के, तारा आणि इन्व्हर्टरचे ९२, झाडांमुळे होणारी खळबळ आणि शेपटीची चुकणारी दिशा यांचे ९५, पात्यांवरची धूळ-किडे यांचे ९८. हे गुणायचे असतात, बेरीज करून वजा करायचे नसतात. गुणाकार ०.८१ येतो. ६,७०० चे झाले सुमारे ५,४५०. मीटरच्या ५,३०० पासून तीन टक्के दूर. उरलेला फरक एका वर्षाच्या वाऱ्यात सहज हरवतो, त्याच्यामागे लागू नका.

त्यातला ९५ टक्क्यांचा आकडा मात्र तुम्ही स्वतः तपासा. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतःहून बंद होतो. तो सुरक्षेचा नियम आहे, दोष नव्हे. चक्की गावठाण फीडरवर असेल तर ठीक. शेतीच्या फीडरवर असेल, जिथे थ्री-फेज ठरावीक तासच असते, तर ९५ विसरा. आणि तास मोजून थांबू नका. मे-जूनमध्ये वावधान सुटलं की तारा पडतात, लाइन जाते, म्हणजे नेमक्या जोराच्या वाऱ्यात चक्की बंद. बंद तास ५ टक्के असले तरी बुडालेली वीज त्याहून जास्त असू शकते. इन्व्हर्टरच्या नोंदीत बंद पडल्याच्या वेळा असतात, त्या वाऱ्याच्या नोंदीशेजारी लावून बघा.

आता, आकडा जुळला म्हणजे मॉडेल बरोबर, असं समजण्यात मोठा धोका आहे. उदाहरण घ्या. समजा तुम्ही ५० मीटरचा तोच चुकीचा ५.० वेग घेतला आणि वितरण न वापरता सरळ कर्व्हवर वाचला : ०.९ किलोवॉट गुणिले ८,७६० तास, म्हणजे ७,८८४ युनिट. बघायला किती समंजस आकडा! पण त्यात दोन चुका एकमेकींना खाऊन बसल्यात. सरासरी वेगाची शक्ती आणि शक्तीची सरासरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ४ मी/से ला कर्व्ह ०.४ दाखवतो, म्हणजे वर्षाला ३,५०४ युनिट. खरं वितरण धरलं तर ७,६००. कारण सरासरी ४ असलेल्या वर्षात ८ आणि ९ चे तास असतात, आणि तेच वीज देतात. म्हणून मासिक सरासरी कर्व्हवर कधीच वाचू नका. निदान तासाची मालिका हवी, १० मिनिटांची असेल तर उत्तम, कारण बहुतेक मोठ्या मशीनचे कर्व्ह १० मिनिटांच्या सरासरीवर बांधलेले असतात. लहान चक्कीला १ मिनिटाची चालते.

याच कारणाने वर्षभरासाठी के = २ हा एकच आकडा ठेवणंही मला पटत नाही. के २ असेल तर वेगाच्या घनाची सरासरी ही सरासरीच्या घनाच्या १.९१ पट असते. १.५ असेल तर २.७२ पट, ३ असेल तर १.४०. आपल्याकडे जून-जुलै एक टोक आणि ऑक्टोबर ते डिसेंबर दुसरं. महिन्यांच्या सरासऱ्या वेगवेगळ्या भरा आणि जमल्यास मालिकाच द्या. होमर स्वतः मालिका बनवतं तेव्हा वाऱ्याचा जोर दुपारी ३ ला धरतं. कमी उंचीवर ते चालून जातं, १०० मीटरच्या चक्कीला मात्र उलटंही पडू शकतं.

मालिका कुठून आणायची? ईआरए५ या युरोपीय हवामान-संग्रहात १९४० पासूनची तासागणिक माहिती १० आणि १०० मीटरवर मिळते, पण तिचा चौकोन सुमारे ३१ किलोमीटरचा आहे. त्यात मेळघाटचा कडा आणि खालचं पूर्णेचं खोरं एकाच चौकोनात सपाट होऊ शकतात. चिखलदऱ्यासारख्या ११०० मीटरच्या पठारासाठी ती तशीच वापरली तर वारा कमी दिसेल, दरीतल्या गावासाठी जास्त. तुमच्यासारख्या उघड्या पठारी भागात ती बरी चालते. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचे अलीकडचे नकाशे १२० आणि १५० मीटरचे आहेत. ते मोठ्या प्रकल्पांसाठी चांगले, पण तिथून १८ मीटरवर उतरणं म्हणजे अल्फाच्या भरवशावर विहिरीत उतरणं. वेधशाळेची हवामान सारणी वापरणार असाल तर त्यातले सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचचे वेग म्हणजे दिवसाची सरासरी नव्हे. शिवाय ते ताशी किलोमीटरमध्ये असू शकतात. ताशी १२ किलोमीटर म्हणजे ३.३ मी/से, १२ नव्हे. हसू नका, ही चूक नेहमीची आहे. तसंच −९९९ सारख्या रिकाम्या नोंदी शून्य म्हणून आत गेल्या नाहीत ना, तेही बघा. आणि वेळ : ईआरए५ यूटीसीमध्ये (ग्रीनिचच्या जागतिक वेळेत) असते, आपण साडेपाच तास पुढे. वार्षिक बेरजेत हे कळणार नाही, पण सौर पॅनेल आणि पंप जोडून हिशेब कराल तेव्हा दुपारचा वारा सकाळीच सुटलेला दिसेल.

सिम्युलिंकबद्दल थोडंच. त्यातल्या तयार पवनचक्की ब्लॉकची कार्यक्षमता जास्तीत जास्त ०.४८ आहे, टोकाच्या वेगाचं गुणोत्तर (पात्याच्या टोकाचा वेग भागिले वाऱ्याचा वेग) ८.१ असताना. ते मोठ्या, पात्यांचा कोन बदलणाऱ्या मशीनचं सूत्र आहे आणि तुमची चक्की ०.३२ ची. तो ब्लॉक काही सेकंदांतलं नियंत्रण, झटके, व्होल्टेज पाहण्यासाठी वापरा. वर्षाची युनिटं काढायला तो कामाचा नाही.

कर्व्ह दुरुस्त करायची वेळ येते का? येते, पण मोजणीनंतर. वेगमापक आणि मीटरच्या नोंदी एकाच घड्याळावर लावा, वेगाचे ०.५ मी/से चे गट पाडा आणि प्रत्येक गटातली सरासरी शक्ती कर्व्हशेजारी ठेवा. बिंदू सगळीकडे सारख्याच प्रमाणात खाली असतील तर घनता, तारा किंवा इन्व्हर्टर बघा. फक्त ३-५ मी/से ला खाली असतील तर इन्व्हर्टर उशिरा जागा होतोय. फक्त ९ च्या वर खाली असतील तर शेपटी लवकर दुमडतेय, तिचं वजन किंवा बिजागरीचा कोन पाहा. बिंदू कर्व्हवर नीट बसले आणि तरी महिन्याची बेरीज चुकली, तर मशीन निर्दोष आहे आणि तुमची वाऱ्याची मालिका खोटी आहे. हा ताळा वर्षाच्या बेरजेवर नव्हे, महिन्यांवर घ्या. जुलै जुळला आणि नोव्हेंबर दुप्पट दिसला तर तूर-पऱ्हाटीच्या दिवसांचा अल्फा तुम्ही फार कमी ठेवलाय.

दुसऱ्या चक्कीचं म्हणाल तर आधी मॉडेलमध्ये हे करून बघा : तीच चक्की, टॉवर १८ ऐवजी २४ मीटर. अल्फा ०.२२ ने वेग ४.० चा ४.२६ होतो आणि वीज सुमारे २० टक्क्यांनी वाढते, झाडांपासून सुटका झाल्याचा फायदा वेगळाच. पण शाळेला आणि पंपाला वीज नोव्हेंबर ते जानेवारीत हवी असेल, तर दोन चक्क्या घेऊनही ते महिने मॉडेलमध्ये रिकामेच दिसतील. तिथे त्याच पैशात किती सौर पॅनेल बसतात ते त्याच फाइलमध्ये शेजारी चालवून पाहा.